लोणावळ्याचा स्विमिंग पूल खाऱ्या पाण्यावर न्यायचाय? पंप आत्ता बदला, मीठ दसऱ्यानंतर टाका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोणावळ्याला बंगला, 8 बाय 4 मीटरचा उघडा स्विमिंग पूल, सरासरी खोली 1.4 मीटर, भरायला बोअरचं पाणी, पंप आणि सँड फिल्टर दोन्ही जुने. शनिवार-रविवार पोहून झालं की मुलांचे डोळे चुरचुरतात, म्हणून क्लोरीन बंद करून पूल खाऱ्या पाण्यावर न्यायचाय. विक्रेता म्हणतो पावसाआधी मिठापासून क्लोरीन बनवणारं मशीन बसवून टाकू, बाकी काही बदलायला नको. करावं का?

करा. फक्त विक्रेत्याने सांगितलेला क्रम बदला. पंप, फिल्टर, अर्थिंग ही कामं पावसाआधी उरकून घ्या आणि मीठ दसऱ्यानंतर टाका. मावळात आणि अलिबागच्या पट्ट्यात बंगल्यांचे पूल सांभाळणं हेच माझं काम आहे, त्यामुळे हा मुद्दा आधी सांगतो, कारण तुमचे सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातील.

पूलचं पाणी उन्हाने उडतं, पण मीठ उडत नाही. ते जातं फक्त बॅकवॉशमधून (म्हणजे फिल्टरमधून पाणी उलटं सोडून तो धुताना), गळतीतून आणि ओव्हरफ्लोमधून. लोणावळ्यात वर्षाला साधारण 4,000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे तुमच्या पूलच्या खोलीच्या जवळजवळ तिप्पट. काठोकाठ भरलेल्या पूलमध्ये तो पडत राहतो, पाण्यात मिसळतो आणि तेवढंच पाणी बाहेर जातं. पाणी नीट मिसळत असेल तर हिशेब असा येतो की जूनमध्ये 100 किलो मीठ असेल, तर पावसाळा संपता संपता पाच-सहा किलो उरेल. पुण्यात 700-750 मिलिमीटरमध्ये हा फटका फार मोठा नसतो, तुमच्याकडे तो सगळ्या गणितावर बसतो. मेमध्ये टाकलेलं मीठ जुलैत ओढ्यातून वाहत असेल.

आता डोळ्यांचं. खाऱ्या पाण्याच्या पूलमध्येही क्लोरीन असतंच. मशीनच्या सेलमध्ये, म्हणजे पाणी ज्यातून वाहतं त्या नळकांड्यात, टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा थर असतो. त्यातून डीसी करंट गेला की पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार होतं, ते जंतू मारतं आणि शेवटी परत मिठात जमा होतं. म्हणून मीठ खर्च होत नाही. पाणी लिटरमागे तीन ते चार ग्रॅम खारं असतं, समुद्र 35 ग्रॅम. तोंडात गेलं तर किंचित चव लागते, एवढंच.

मग फरक कसला पडतो? सातत्याचा. वीकेंडच्या बंगल्यांत मी नेहमी बघतो ते असं: सोमवार ते गुरुवार पूलकडे कोणी फिरकत नाही, शुक्रवारी मालकांचा फोन येतो आणि केअरटेकर संध्याकाळी मूठमूठ पावडर मारतो. शनिवारी सकाळी मुलं त्या पाण्यात उतरतात. शिवाय ही पावडर बहुतेक वेळा टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड), म्हणजे नव्वद टक्के क्लोरीनवाली असते आणि ती आम्लधर्मी आहे. ती पाण्याचा पीएच खाली ओढते. डोळे चुरचुरतात ते या खाली गेलेल्या पीएचमुळे, आणि घाम-लघवीशी संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनमुळे. ज्याला लोक ‘क्लोरीनचा वास’ म्हणतात तो याच क्लोरामाइनचा. मशीन रोज थोडं थोडं क्लोरीन बनवतं, त्यामुळे शुक्रवारची मूठ मारावी लागत नाही, आणि मुलांना जाणवतो तो फरक याचा.

म्हणून मशीन घेण्याआधी या शनिवारी सकाळी, मुलं उतरायच्या आधी पाणी तपासा. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या नकोत, थेंबांचं किट घ्या. पीएच 7.2 च्या खाली निघाला तर डोळ्यांचं कारण सापडलं, आणि ते आजच दुरुस्त होतं. त्याच वेळी सायन्युरिक ॲसिडही बघा. हे उन्हापासून क्लोरीन वाचवतं, पण जास्त झालं की क्लोरीनलाच बांधून ठेवतं. टीसीसीएमधून दर 10 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीनमागे 6 पीपीएम सायन्युरिक पाण्यात येतं आणि तिथेच राहतं. रोज 2 पीपीएम क्लोरीन घातलं तर महिन्याला 36 पीपीएम. दिवाळीपासून मेपर्यंत ते 200 च्या वर सहज जातं, आणि मग किटवर क्लोरीन भरपूर दिसतं पण पाणी हिरवं पडतं. पाऊस हे सगळं धुऊन नेतो, हे आणखी एक कारण आहे नव्या व्यवस्थेची सुरुवात ऑक्टोबरात करण्याचं.

पावसाआधी काय करायचं ते आता सांगतो.

पंप. तुमचा पंप दीड हॉर्सपॉवरचा धरला तर तो सुमारे 1.4 किलोवॅट खातो. रोज आठ तास म्हणजे 11 युनिट. त्याच्या जागी व्हेरिएबल स्पीडचा पंप घ्या. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज कागदावर आठव्या हिश्शावर येते. प्रत्यक्षात एवढी बचत होत नाही, अशा पूलवर पाव किलोवॅटच्या आसपास धरा. तरी सोळा तास चालवून चार युनिटमध्ये तेवढंच पाणी फिरतं. शिवाय सेल सोळा तास पाण्याखाली राहतो आणि क्लोरीन दिवसभर विभागून तयार होतं, आपल्याला हवं तेच. माझ्या मते सगळ्या बदलात पैसे परत करणारी वस्तू ही एकच आहे. एक काळजी मात्र घ्या: या पंपातली इलेक्ट्रॉनिक्स नाजूक असते आणि लोणावळ्यात पावसात लाईट ये-जा करते. पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्शन आणि कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारा रिले बसवल्याशिवाय हा पंप चालू करू देऊ नका.

फिल्टर. पूलमध्ये 45,000 लिटर पाणी आहे. सहा तासांत एकदा फिरवायचं तर तासाला 7,500 लिटर. 600 मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर याला व्यवस्थित पुरतो. टाकी फुटलेली नसेल तर टाकी बदलू नका, आतली वाळू बदला. जुनी वाळू तेलकट होते, तिच्यात गठ्ठे होतात आणि पाणी कडेकडेने वाट काढून तसंच निघून जातं. वाळू 0.5 ते 0.8 मिलिमीटरची धुतलेली सिलिका हवी, बांधकामाची वाळू चालणार नाही. बॅकवॉशला मात्र पंप पूर्ण वेगाने चालायला हवा, नाहीतर वाळू उचलत नाही. हे केअरटेकरला समोर उभं करून दाखवा.

आता वीज. याबद्दल मी कोणाचंही काही ऐकत नाही. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पटीने वीजवाहक असतं. पूलच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) हवी, पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरचे हवेत, शिडी, रेलिंग, पंप, पॅनेल हे सगळं धातूकाम एकमेकांना जोडून चांगल्या अर्थिंगला न्यायला हवं. तुमच्या पूलचे दिवे 230 व्होल्टचे असतील तर मिठाचा विषय बाजूला ठेवा आणि आजच ते बंद करा. पोरांचा जीव आहे.

शिडीकडेही बघा. आपल्याकडे बहुतेक शिड्या 304 स्टीलच्या असतात. गोड्या पाण्यात त्या वर्षानुवर्षं टिकतात. खाऱ्यात पहिल्यांदा पाण्याच्या रेषेवर, वेल्डिंगच्या जागी आणि पायरीच्या स्क्रूभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी रंग येतो, मग टाइल्सवर ओघळ उतरतात. 316 ग्रेडची शिडी घ्या आणि तीही महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन पुसा. हीटर किंवा हीट पंप असेल तर त्याचा एक्स्चेंजर टायटॅनियमचा आहे का ते विचारा. तांब्याचा असेल तर खारं पाणी त्यात घालू नका. काठाला सँडस्टोन असेल तर त्याला सीलर मारून घ्या, कारण मीठ दगडाच्या छिद्रांत सुकलं की पापुद्रे सुटतात. ग्रॅनाइटला फारसं काही होत नाही. कोटा असेल तर त्याच्यावर ॲसिडचा थेंब पडू देऊ नका, तो चुनखडीचा दगड आहे.

आता मशीन केवढं घ्यायचं. उघड्या पूलला उन्हाळ्यात दिवसाला साधारण 3 पीपीएम क्लोरीन लागतं. 45,000 लिटरला ते 135 ग्रॅम होतं. सेल दहा तास चालवला तर तासाला साडेतेरा ग्रॅम. विक्रेते नेमकं 15 ग्रॅमचं मशीन सुचवतात. तुम्ही 25 ग्रॅमचं घ्या. सेलचं आयुष्य चाललेल्या तासांवर मोजतात, 10,000 तास हा नेहमी दिसणारा आकडा. मोठा सेल निम्म्या तासांत काम उरकतो, म्हणून जास्त वर्षं टिकतो, आणि मेमध्ये वीस माणसं उतरली तरी हात टेकत नाही. मशीनमध्ये पोलॅरिटी (करंटची दिशा) आपोआप उलटण्याची सोय, म्हणजे पट्ट्यांवरचा थर सुटतो, आणि पाणी थांबलं की सेल बंद करणारा फ्लो स्विच, या दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. फ्लो स्विचचं कारण असं: क्लोरीनबरोबर सेलमध्ये हायड्रोजनही तयार होतो. पाणी वाहत असेल तर तो बुडबुड्यांतून निघून जातो. पंप बंद आणि सेल चालू राहिला तर तो पाइपात साठतो, आणि तो स्फोटक वायू आहे. आपल्याकडे बंगल्यांच्या प्लांट रूम (पंप-फिल्टरच्या खोल्या) जमिनीखालच्या खड्ड्यात, वर लोखंडी झाकण लावून असतात. तिथे हवा खेळती करा. सेल फिल्टर आणि हीटरच्या नंतर, पाणी पूलकडे परत जातं त्या लाइनवर सर्वात शेवटी बसवायचा, दोन्ही बाजूंना युनियन (उघडता येणारे जोड) आणि एक बायपास (सेलला वगळून पाणी नेणारी लाइन) ठेवून. बायपासचे पैसे वाचवू नका, पावसाळ्यात त्याचाच उपयोग होणार आहे.

आता दसरा उलटलाय, पाऊस गेलाय, पूल काठोकाठ भरलाय असं धरा. हे पाणी जवळजवळ पावसाचंच आहे, त्यामुळे ते फार मऊ असतं. कॅल्शियम कमी, क्षारता (अल्कलिनिटी, म्हणजे पीएच एकदम हलू न देणारा पाण्याचा गुण) कमी. असं पाणी टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट खातं. इथे तुमचं बोअरचं जड पाणी चक्क उपयोगी आहे. थोडं पाणी काढून त्या जागी बोअरचं भरा आणि हार्डनेस (पाण्याचा जडपणा) 200 पीपीएमच्या पुढे आणा. सायन्युरिक 60 पीपीएम करायला साधारण पावणेतीन किलो लागेल. ते कापडी पिशवीत घालून पाणी आत येतं त्या तोंडाजवळ टांगून ठेवा, विरघळायला काही दिवस घेतं.

मीठ किती? 45,000 लिटरला लिटरमागे साडेतीन ग्रॅम म्हणजे 157 किलो, पन्नास किलोची तीन पोती आणि वर थोडं. आधी दोन पोती टाका, एक दिवस पाणी फिरू द्या, मीटरने मोजा, मग तिसरं. कमी पडलं तर टाकता येतं, जास्त झालं तर पाणी काढून टाकण्याशिवाय उपाय नाही. उथळ बाजूला पसरून टाका आणि ब्रशने हलवत राहा, स्किमरमध्ये (काठावरच्या, वरचा कचरा ओढणाऱ्या तोंडात) ओतू नका. मीठ पूर्ण विरघळून एक दिवस जाईपर्यंत सेल बंद.

मिठाच्या जातीबद्दल एक सांगतो, कारण कोकण जवळ असल्याने हा मोह हमखास होतो. पेण-उरणकडच्या मिठागराचं खडे मीठ स्वस्त मिळतं आणि ‘नैसर्गिक’ म्हणून छानही वाटतं. स्वयंपाकाला आणि लोणच्याला ते उत्तम. पण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियमचे क्षार आणि थोडी मातीही असते. हे सगळं सेलच्या पट्ट्यांवर जाऊन बसतं आणि काठाला डाग पाडतं. शुद्ध केलेलं, आयोडीन नसलेलं, न गठळण्यासाठी कुठलाही पदार्थ न घातलेलं औद्योगिक मीठ मागा आणि पोत्यावर शुद्धता 99 टक्क्यांच्या वर लिहिलेली बघून घ्या.

यानंतर केअरटेकरच्या हाताची सवय बदलावी लागते, आणि सगळ्यात जास्त पूल इथेच बिघडतात. टीसीसीएच्या दिवसांत पीएच खाली जायचा म्हणून तो सोडा ॲश टाकायचा. खाऱ्या पूलमध्ये उलटं होतं. सेलमधल्या हायड्रोजनच्या बारीक बुडबुड्यांनी पाणी घुसळलं जातं, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच वर वर चढतो. म्हणजे आता दर आठवड्याला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागणार. तुमच्या माणसाने जुन्या सवयीने सोडा ॲश टाकला तर पीएच आणखी चढून पंधरवड्यात कॅल्शियमच्या थराने सेल पांढरा पडेल. क्षारता 60 ते 80 च्या दरम्यान ठेवा, गोड्या पूलच्या 80 ते 120 पेक्षा कमी, म्हणजे पीएच सावकाश चढतो. ॲसिड नेहमी बादलीभर पाण्यात टाकायचं, ॲसिडवर पाणी कधीही नाही. आणि उरलेली टीसीसीए पावडर किंवा हायपोक्लोराइटचे (द्रव क्लोरीनचे) कॅन ॲसिडशेजारी ठेवायचे नाहीत. दोन्ही एकत्र सांडले तर जो वायू निघतो तो बंद खोलीत माणूस मारतो.

बोअरच्या पाण्याचं दुखणं मार्च-एप्रिलमध्ये वर येतं. कोरड्या महिन्यांत रोज सरासरी पाच मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. ऑक्टोबर ते मे हे सव्वा मीटरच्या आसपास होतं. तेवढं बोअरचं पाणी तुम्ही वर भरता, पाणी उडून जातं, कॅल्शियम मागे राहतं. बोअरचा हार्डनेस 400 असेल तर मेपर्यंत पूलच्या हार्डनेसमध्ये साडेतीनशेच्या आसपास भर पडते. सेलच्या ऋण पट्टीजवळ पीएच खूप जास्त असतो, त्यामुळे हे कॅल्शियम पहिल्यांदा तिथेच बसतं. एप्रिलमध्ये असा सेल उघडला की पट्ट्यांमधल्या फटी दिसतच नाहीत, कडेने पांढरे कोंब फुटलेले असतात आणि बोट लावलं तर खरखरीत लागतं. मशीन मात्र ‘मीठ कमी’ असा इशारा देत असतं, आणि कोणीतरी आणखी एक पोतं ओतून मोकळं होतं. तसं करू नका. आधी स्वतंत्र मीटरने मीठ मोजा, मग सेल काढून बघा. थंडीतही, पाणी गार झालं की वीजवाहकता कमी होते आणि हाच खोटा इशारा येतो.

सेल साफ करायला दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड पुरतं. सेल उभा धरून एक तोंड बंद करायचं, वरून हे द्रावण भरायचं. लगेच सोड्यासारखं फसफसायला लागतं. फसफस थांबली की काम झालं, साधारण पंधरा मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर पट्टीवरचा महागडा थर निघतो आणि तो परत बसत नाही. शक्य असेल तर वर भरायला टँकरचं मऊ पाणी किंवा छपरावरचं साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. लोणावळ्यात ते साठवायला काहीच कष्ट नाहीत.

बॅकवॉशचं पाणी आत्ता कुठे जातं ते बघून ठेवा. बहुतेक बंगल्यांत ते लॉनमध्ये किंवा आंब्याच्या अळ्यात सोडलेलं असतं. तीन मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये 600 लिटर पाणी आणि दोन किलोच्या वर मीठ जातं. दर आठवड्याला हे एकाच झाडाच्या बुडाशी गेलं तर झाडाची पानं कडेने जळायला लागतात. बोअरजवळ किंवा शेजाऱ्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला तर ते मुळीच सोडू नका. गटाराची लाइन नसेल तर बॅकवॉश पाण्यासाठी वेगळा शोषखड्डा लागेल, आणि तो खर्च आत्ताच धरा.

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की बायपास उघडा, सेल काढा, धुऊन सुकवून कपाटात ठेवा. पावसाळाभर पूल द्रव हायपोक्लोराइटवर चालवायचा. ऊन नसल्याने क्लोरीन कमी उडतं, पण पालापाचोळा आणि माती येत राहते, म्हणून फिल्टर जास्त वेळ चालवा. हायपोक्लोराइटसाठी एक छोटा पेरिस्टाल्टिक डोसिंग पंप (आपोआप थोडं थोडं औषध सोडणारा पंप) बसवलात तर सोमवार ते शुक्रवारची अडचणही सुटते. खरं तर याच पंपावर बारा महिने चालणारे पूलही मी सांभाळतो आणि ते छान चालतात. तुमच्याकडे शिडी, हीटर आणि काठाचा दगड तिन्ही बदलावे लागणार असतील, तर मीठ सोडून द्या आणि डोसिंग पंपावर थांबा. मुलांच्या डोळ्यांना त्यातही तेवढाच आराम मिळेल.

कोटेशन मागताना विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घ्या: सेलची ग्रॅममधली क्षमता, त्याचे हमीचे तास, नुसत्या बदली सेलची आजची किंमत, आणि बोअरच्या जड पाण्यात हमी लागू आहे की नाही. शेवटच्या प्रश्नावर तो अडखळला तर दुसरीकडे जा.

शनिवारच्या तपासणीचे पीएच, क्षारता, हार्डनेस आणि सायन्युरिक हे चार आकडे, आणि बोअरच्या पाण्याचा वेगळा हार्डनेस, इथेच खाली लिहा. शिडीचा आणि प्लांट रूमचा फोटोही टाका. त्यावरून काय ठेवायचं आणि काय बदलायचं ते नेमकं सांगतो.